व्हिएन्ना मावशीचे कागद

लोद (इस्राएल), गुरुवार

ती. आई व ती. बाबा यांस,

शालोम व सप्रेम नमस्कार.

मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण ती शेवटी आली तर बाबा पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचतील आणि ओळीओळीत माझी लबाडी शोधत बसतील. हिटलरच्या तावडीतून सुटून आपल्या घरी राहिलेल्या व्हिएन्ना मावशीचे कागद आणि फोटो मी याद वाशेमला, म्हणजे नाझींनी मारलेल्या ज्यूंच्या इथल्या स्मारक-संग्रहालयाला, देऊन टाकले आहेत. गेल्या मंगळवारी जेरुसलेमला जाऊन दानपत्रावर सही केली. ठाण्याहून निघताना ‘फक्त स्कॅन करून परत आणते’ असे मी म्हणाले होते, आणि ते त्या वेळी खोटे नव्हते; पण पुरते खरेही नव्हते, हे विमानात बसल्याबरोबर मला कळले होते. विचारले असते तर तुम्ही ‘नाही’ म्हणाला असता, आणि तुमच्या ‘नाही’नंतर मला हे कधीच करता आले नसते. म्हणून विचारले नाही. रागवायचे असेल तर या एका गोष्टीसाठी रागवा, बाकीच्यांसाठी नको.

बाबा, तुम्ही कागदांची ती पेटी नीट सांभाळली नाहीत असे मी चुकूनही म्हणत नाही. २६ जुलै २००५च्या पुरात तुम्ही आधी पेटी उचलून माळ्यावर ठेवलीत आणि मग घरातल्या माणसांकडे वळलात, हे आई अजून येईल त्याला सांगते. तरीही तळाचा थर भिजलाच होता. मला घाबरवले ते मात्र पुराने नव्हे, लॅमिनेशनने. कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला रेडक्रॉसचा कागद तीस रुपयांत लॅमिनेट करून देतो आणि मग शंभर वर्षे बघायला नको, असे तुम्ही इतक्या आनंदाने सांगितलेत की मला तिथल्या तिथे काही बोलवेना. त्या उष्णतेने आणि गोंदाने प्लॅस्टिक कागदात असे रुतते की ते पुन्हा सोडवता येत नाही. शाई पसरली, कागद पिवळा पडला, तरी आत जे होईल ते बाहेरून बघत बसायचे. त्याच रात्री तो कागद मी माझ्या पिशवीत घातला. आधी तो एकच घातला होता, बाकीचे सकाळी.

याद वाशेमच्या बाईंनी पेटीतले एकेक पाकीट उघडले तेव्हा तुम्ही हवे होतात. तुम्ही दारफाळणीच्या सणाच्या (योम किप्पूरच्या) आदल्या दिवशी साबणाने दोनदा हात धुऊन, पंचाला पुसून, मग पेटीचे कुलूप काढायचात आणि मला ‘श्वास पण हळू घे’ म्हणायचात. त्या अगदी तशाच बसल्या होत्या. गंजलेल्या टाचण्या त्यांनी एकेक करून काढल्या. आजोबांनी फाटलेल्या घड्यांवर लावलेल्या चिकटपट्ट्या काढायला वेळ लागणार आहे, कारण त्यांचा गोंद तपकिरी होऊन कागदात उतरला आहे. प्रत्येक फोटो वेगळ्या आम्लरहित पाकिटात जाईल आणि पाकिटे तशाच कागदाच्या खोक्यात. आणि आई, खोलीत गारवा सतत सारखा असतो, ठाण्याच्या पावसाळ्यासारखे फोटो एकमेकांना चिकटत नाहीत. मावशी तिच्या शेवटच्या वर्षांत पंख्याखालीच बसून असायची असे तू सांगतेस, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

मावशीचा पासपोर्ट त्यांनी बराच वेळ हातात ठेवला. लाल ‘जे’चा, म्हणजे ज्यू असल्याचा, शिक्का आपण सगळ्यांनी पाहिला आहे, पण तिच्या नावामागे ‘सारा’ का, हे मी लहानपणी विचारले तेव्हा तुम्ही ‘तिचे दुसरे नाव असेल’ म्हणाला होतात. ते तिचे नव्हते, बाबा. १९३९च्या जानेवारीपासून नाझी राजवटीने ज्यांचे नाव त्यांच्या यादीतले ज्यू नाव नव्हते अशा प्रत्येक ज्यू बाईला ‘सारा’ आणि पुरुषाला ‘इस्राएल’ हे नाव जोडायला भाग पाडले होते. आपल्या घराण्यात किती सारा होऊन गेल्या, आणि किती लाडाने ते नाव ठेवले गेले! तेच नाव कुणाला शिक्का म्हणून मारता येते हे मला अजून नीट गिळता येत नाही. त्रिएस्तेहून मुंबईला आलेल्या इटालियन बोटीच्या तिकिटाचा अर्धा तुकडा, खिशात नेऊ दिलेल्या दहा मार्कांची पावती, मुंबईच्या ज्यूइश रिलीफ असोसिएशनचे पत्र, हे सगळे एकाच पाकिटात होते. ते एकत्रच ठेवले जाईल. तिने जो क्रम लावला होता तो मोडायचा नाही हा त्यांचा नियमच आहे, तेव्हा ‘सगळे कालवून टाकतील’ ही तुमची भीती सोडून द्या.

मामांची, म्हणजे मावशीच्या भावाची, नगरच्या कॅम्पातली कार्डेही दिली. युद्ध सुरू होताच इंग्रज सरकारने जर्मन आणि ऑस्ट्रियन पुरुषांना शत्रुराष्ट्राचे म्हणून धरले आणि नगरला एकाच तारेच्या कुंपणात नाझी पक्षाची माणसे आणि त्यांच्यापासून जीव घेऊन पळालेले ज्यू एकत्र ठेवले. आजोबा ही गोष्ट हसत सांगायचे. मी आता ती कार्डे सेन्सॉरच्या शिक्क्यांसकट पुन्हा वाचून घेतली (म्हणजे वाचवून घेतली, माझे जर्मन तुमच्याइतकेही नाही), तर त्यांत हसण्यासारखे काही नाही. बहिणीने जेवावे आणि घरमालकांना भाडे वेळेवर द्यावे एवढेच सारखे लिहिले आहे. पुढे १९४१च्या नोव्हेंबरात जर्मनीने परदेशातल्या सगळ्या ज्यूंचे नागरिकत्व काढून घेतले, म्हणजे इंग्रजांनी ज्या देशाचा म्हणून त्यांना धरले होते तो देशही त्यांना आपला म्हणेना.

आता जे लिहिणार आहे ते आई, तू आधी वाच आणि मग दुपारच्या जेवणानंतर बाबांना वाचून दाखव, रात्री नको. रेडक्रॉसच्या त्या कागदाच्या पुढच्या बाजूला मावशीचे पंचवीस शब्द आहेत आणि मागे तिच्या आईचे. पंचवीसच शब्दांची परवानगी होती, तीही फक्त घरच्या खुशालीसाठी, आणि जिनिव्हामार्गे जायला-यायला महिनेच्या महिने लागत. आईने १९४२च्या मे महिन्यात लिहिले होते की प्रकृती बरी आहे, प्रवासाला निघत आहे, या पत्त्यावर आता लिहू नये. मावशी नंतर कितीतरी वर्षे पोस्टमन दिसला की भायखळ्याच्या गॅलरीत उभी राहायची हे तुम्हीच मला सांगितले आहे. तो प्रवास कुठला होता ते आता कळले. व्हिएन्नाहून निघालेल्या गाड्यांच्या याद्या नाझींनीच टंकलेखित करून ठेवल्या होत्या, आणि तिच्या आईचे नाव बेलारूसमधल्या मिन्स्कजवळच्या माली त्रोस्तिनेत्सला गेलेल्या एका गाडीच्या यादीत आहे. तिथे पोहोचलेल्यांना फार काळ ठेवत नसत. बहुतेकांचे त्याच दिवशी संपले. बाबा, मावशीला हे कधी कळले नाही याचे तुम्हांला वाईट वाटेल की बरे, हे मला ठरवता आलेले नाही.

तिच्या आईच्या नावाचे ‘दफ एद’, म्हणजे साक्षीपत्र, आजवर कुणी भरलेलेच नव्हते. ते मी भरले. त्यात भरणाऱ्याचे मृताशी नाते काय, असा रकाना असतो. तिथे मी अडले. शेवटी लिहिले: ‘मुलगी ज्या घरात राहिली त्या घरातली नात’. बाईंनी वाचले आणि काही न विचारता शिक्का मारला. बाबा, तुमच्या मराठी बायबलमध्ये यशया ५६:५ काढा. ज्यांना मूलबाळ नाही त्यांना मुलगे आणि मुली यांच्याहून चांगले असे स्मारक आणि नाव देईन, हे वचन तिथे आहे, आणि ‘याद वाशेम’ हे शब्द त्याच ओळीतले आहेत. मावशीला कोण होते आपल्याशिवाय? आणि आपल्यानंतर कोण? माझ्या मुलांना मराठी वाचता येत नाही, जर्मनचे तर नावच नको. इमारत पुनर्विकासाला गेली की तुम्ही दोघे भाड्याच्या दोन खोल्यांत जाणार, आणि सामान हलवताना एक पत्र्याची पेटी हरवायला किती वेळ लागतो?

तुमचा पुढचा प्रश्न मला इथे बसून ऐकू येतो आहे: हिटलरच्या हातून सुटलेले कागद तू क्षेपणास्त्रे पडतात तिथे नेऊन ठेवलेस? त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. सायरन वाजला की मी स्वतः मुलांना घेऊन जिन्याखाली पळते. एवढेच सांगते की कागदाच्या प्रती निघाल्या की तो एकाच जागी उरत नाही. वॉर्सामध्ये इमॅन्युएल रिंगेलब्लुम आणि त्यांच्या सोबत्यांनी गेटोमधले, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतले, कागद १९४२ साली दहा पत्र्याच्या पेट्यांत आणि पुढे १९४३ साली दुधाच्या दोन कॅनमध्ये भरून जमिनीत पुरले होते. त्या गटातली तीनच माणसे युद्धानंतर उरली. पेट्या १९४६ साली सापडल्या तेव्हा आत पाणी शिरलेले होते, आणि कॅन १९५० साली निघाले ते त्या मानाने कोरडे. पत्र्याच्या पेटीचे आणि पाण्याचे काय नाते असते हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

एक फोटो मी दिलेला नाही. तुम्ही दीड वर्षाचे, कानटोपी घातलेले, मावशीच्या मांडीवर, आणि मागे आजी मलिद्याचे ताट घेऊन उभी. त्याची प्रत त्यांना दिली आणि मूळ फोटो पुढच्या महिन्यात येणाऱ्या माणसाबरोबर पाठवते आहे. त्याला चिकटपट्टी लावायची नाही. मागे बॉलपेनने लिहायचे नाही, मऊ पेन्सिलने कडेला हलक्या हाताने लिहायचे. भिंतीवर उन्हात टांगायचा नाही. आईने लग्नाचे फोटो ज्या चिकट पानांच्या अल्बममध्ये लावले आहेत त्यातून ते ओढून काढायचे नाहीत, मी आले की बघू.

अकरा फोटोंतली माणसे कुणालाच ओळखू येत नाहीत. ती फक्त तुम्हांला येतील. शुक्रवारी, तुमच्या चारच्या चहाच्या वेळी, शब्बाथ लागायच्या आत मी व्हिडिओवर फोन करीन आणि एकेक फोटो दाखवीन. चष्मा जवळ ठेवा, नवा, जुना नव्हे. नाव आठवले नाही तर चिडायचे नाही. ती टोपीवाली बाई कुठल्या मजल्यावर राहायची एवढे आठवले तरी मी लिहून घेईन. ब्लडप्रेशरची गोळी त्याआधी घेतलेली असली पाहिजे, आणि घेतली हे आईने सांगायचे, तुम्ही नाही.

पेटी आता रिकामी आहे. आईला त्यात गोधड्या भरायच्या असतील तर भरू दे, मला चालेल, बहुधा मावशीलाही चाललेच असते. मात्र ती खाटेखाली सरकवायला बाबांनी वाकायचे नाही. वॉचमनच्या मुलाला हाक मारायची.

तुमची,
बेबी