ब्रह्मकमळ तोडून आणलं, हे कौतुकानं कसं छापता?

मा. संपादक,
स. न.

कालच्या रविवार पुरवणीत उत्तराखंडच्या हिमालयातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्स या फुलांच्या दरीच्या ग्रुप ट्रेकवर पानभर लेख आलाय, तो वाचला. लेख तसा बरा आहे, पण त्यात एक वाक्य आहे की हेमकुंडहून (दरीशेजारचं उंचावरचं तीर्थस्थान) उतरताना आमच्यापैकी बऱ्याच जणांनी देवघरासाठी एकेक ब्रह्मकमळ सोबत घेतलं. हे वाचून मी पेपर मिटला तो संध्याकाळपर्यंत उघडलाच नाही. लेख तपासणाऱ्याला ते खटकलं नाही, पान लावणाऱ्याला खटकलं नाही, उलट नेमकं तेच वाक्य उचलून चौकटीत मोठ्या टायपात घेतलंत. आता पुढच्या जुलै-ऑगस्टमध्ये नागपूरहून जे ग्रुप निघतील त्यातला प्रत्येक जण हेच डोक्यात घेऊन जाणार की तिथे गेलं की ब्रह्मकमळ आणायचं असतं.

ज्या ताईंनी लेख लिहिला त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांना कोणी सांगितलंच नसेल. राग आहे तो ग्रुप नेणाऱ्यांवर, आणि तुमच्यावरही थोडा आहे.

मी स्वतः नागपूरच्याच एका ग्रुपसोबत जाऊन आले आहे, ग्रुपचं नाव लिहीत नाही. जाहिरातीत लिहिलं होतं 'वाइल्डफ्लॉवर अँड वाइल्डलाइफ ट्रेक, तज्ज्ञ मार्गदर्शक सोबत'. तज्ज्ञ म्हणून जो मुलगा होता तो स्वभावानं चांगला, बॅगा उचलायचा, चहा वेळेवर द्यायचा, पण फुलाचं नाव विचारलं की "गुगल लेन्सवर टाका नं काकू" म्हणायचा. तिथे घांघरियात, म्हणजे दरीखालच्या मुक्कामाच्या गावात, नेटवर्कची बोंब, लेन्स कुठून चालणार? ऋषिकेशपासून जोशीमठपर्यंत बसमध्ये अंताक्षरी, गोविंदघाटहून पुलन्यापर्यंत जीप, मग घांघरियापर्यंत दिवसभराची चढण, आणि त्या चढणीवरही कोणाच्या तरी सॅकला अडकवलेला ब्लूटूथ स्पीकर चालू. खाली नदीचा एवढा आवाज, त्याच्यावर गाणं ऐकू यावं म्हणून तो फुल व्हॉल्यूमवर. पक्षी दिसत नाहीत म्हणून तक्रार करणारेही तेच लोक.

दरीत जायच्या दिवशी आमच्या लीडरनं सकाळीच सांगून टाकलं, नदीच्या पुलापर्यंत जायचं, ग्रुप फोटो काढायचा, दुपारी जेवायला हॉटेलवर परत. मी म्हटलं अरे, दुपारनंतर आत सोडत नाहीत, रात्री आत राहू देत नाहीत, म्हणजे हातात जो काही वेळ आहे तो एवढाच, आणि आपण तीन दिवस प्रवास करून आलोय ते जेवायला परत यायला का? तर म्हणे शेड्यूल तसं आहे. मग मी आणि आमच्यातलं एक जोडपं, आम्ही तिघांनी चेकपोस्टजवळ भ्यूंडार गावचा एक गाईड आमच्या पैशानं घेतला आणि ग्रुपच्या मागे राहिलो.

काय सांगू तुम्हाला, त्या माणसानं दरी दाखवली म्हणजे खरंच दाखवली. एका ओल्या खडकाच्या कपारीशी नेलं आणि म्हणाला वाका. खडकातून वर आलेला काटेरी देठ, देठावरही काटे, कळीवरही काटे, आणि त्याच्यावर आभाळी निळ्या पाकळ्या इतक्या पातळ की पावसाच्या थेंबानं एक पाकळी चक्क फाटली होती, मधे पिवळे पुंकेसर. निळी पॉपी. ग्रुप त्याच वाटेनं दहा मिनिटं आधी पुढे गेला होता, एकानंही पाहिली नाही. पुढे दगडांच्या राशीपाशी त्यानं आम्हाला गप्प उभं केलं, बराच वेळ काहीच नाही, मग एका दगडाखालून गोल कानाचा, शेपूट नसलेला, उंदरापेक्षा मोठा जीव बाहेर येऊन पान कुरतडत बसला. पिका म्हणतात त्याला, सशाच्या जातकुळीतला. आम्ही श्वास रोखून पाहतोय तेवढ्यात परत येणारा आमचाच ग्रुप आला, एकानं शिट्टी मारली, एकानं टाळ्या वाजवल्या, "ए इकडे बघ" म्हणून, संपलं. पुन्हा काही तो बाहेर आला नाही.

त्याच गाईडनं एक गोष्ट सांगितली ती तुमच्या लेखात यायला हवी होती. लेखात लिहिलंय की १९३१ साली फ्रँक स्माइथ या इंग्रज गिर्यारोहकानं ही दरी शोधली. कामेट शिखर चढून परत येताना तो तिथे पोचला आणि त्याच्यामुळे जगाला कळलं, हे बरोबर. पण शोधली काय? भ्यूंडारचे मेंढपाळ त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे मेंढ्या नेत होते. १९८२ ला राष्ट्रीय उद्यान झालं आणि चराई बंद झाली, ठीक आहे, पण मग पॉलिगोनम नावाचं एक उंच वाढणारं झुडूप पसरत सुटलं आणि त्याच्या सावलीत खालची छोटी फुलं गुदमरायला लागली, आता दरवर्षी माणसं लावून ते उपटावं लागतं. म्हणजे ८७ चौरस किलोमीटरची ही जागा, २००५ पासून जागतिक वारसा यादीत असलेली, आपोआप फुललेली नाही, कोणीतरी रोज मेहनत घेतंय. आपण तिथून एकेक उचलून आणतो.

आता ब्रह्मकमळ. आमच्या ट्रिपमध्येही हेच झालं, म्हणून मी एवढी तळमळीनं लिहितेय. हेमकुंडची चढण चार हजार मीटरच्या वर जाते, धाप लागते, आणि अगदी वरच्या टप्प्यात दगडांमध्ये ती दिसायला लागतात. ज्याला आपण पाकळ्या समजतो त्या पाकळ्या नसतातच, कागदासारखी पातळ फिकट पिवळसर पानं असतात, ती आतल्या जांभळ्या बारीक फुलांच्या गुच्छाला थंडीपासून झाकून ठेवतात. खरी फुलं ती आतली. मी वाकून आत पाहिलं तर एक भुंगा थंडीनं आखडून तिथेच आसऱ्याला बसला होता. मी हे सगळ्यांना दाखवते म्हणून मागे वळले तर आमच्यातल्या एका गृहस्थांच्या हातात दोन तोडलेली. मी म्हटलं भाऊ हे काय केलं? तर, "काकू, एक-दोन फुलं तोडली तं काय होते, इथं शेकडो आहेत न." लीडरकडे पाहिलं, तो म्हणाला, "जाऊ द्या काकू, श्रद्धेचा विषय आहे, तुम्ही ट्रिप एन्जॉय करा." त्यानंतर आणखी चार-पाच जणांनी तोडली, कारण लीडरनंच परवानगी दिल्यासारखं झालं.

श्रद्धेचंच म्हणत असाल तर तिथल्या गावांमध्ये नंदाष्टमीच्या, म्हणजे नंदादेवीच्या उत्सवाच्या, आधी ब्रह्मकमळ तोडत नाहीत. ज्यांची ती देवी आहे ते भाद्रपदापर्यंत थांबतात, नेम पाळून आणतात, आणि आपण ऑगस्टमध्ये जाऊन बी धरायच्या आधीच खुडतो. वर बर्फ लवकर पडतो, झाडाला फुलून बी करायला मोजके आठवडे मिळतात, त्यात फूल गेलं की त्या वर्षाचं बीही गेलं. आणि देवघरात काय ठेवलं? त्या गृहस्थांची दोन्ही फुलं ट्रेनमध्ये काळी पडली, वास यायला लागला, नागपूर यायच्या आधीच पिशवीसकट फेकून दिली. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

परत आल्यावर मी ग्रुपच्या व्हॉट्सॲपवर हे सगळं सविस्तर लिहिलं, भाषा अजिबात वाईट नव्हती. दुसऱ्या दिवशी मला ग्रुपमधून काढून टाकलं होतं.

मला कळत नाही की हेच नागपूरकर ताडोब्याला, पेंचला इतके शहाण्यासारखे कसे वागतात? जिप्सीतून पाय खाली ठेवत नाहीत, ताडोब्यात तर मोबाईलसुद्धा जमा करतात. कारण तिथे प्रत्येक जिप्सीत गाईड सक्तीचा आहे आणि तो गावातलाच असतो, त्याला जंगल माहीत असतं आणि त्याचं ऐकावंच लागतं. मग हिमालयात नेताना चाळीस माणसांमागे एक स्थानिक गाईड घ्यायला यांना काय होतं? माणशी किती पडतात ते पैसे? आम्ही तिघांत दिले तर जड गेले नाहीत. आपल्या कासच्या पठारावर गर्दीपायी बुकिंग आणि रोजच्या माणसांची मर्यादा आणायची वेळ आली, तरी आपण शिकत नाही.

तुम्हाला एवढीच विनंती आहे की अशा ट्रिपांच्या जाहिराती तुमच्याच पेपरात येतात, लेखही येतात, तर लेखासोबत निदान दोन ओळी टाका की राष्ट्रीय उद्यानातून फूल, पान, काहीही आणणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. हेमकुंडची वाट उद्यानाच्या बाहेर आहे असं कोणी म्हणेल, म्हणून काय तिथलं फूल तोडायला मोकळं झालं? आणि चौकटीतल्या त्या वाक्याबद्दल पुढच्या रविवारी खुलासा छापा.

अजून एक. लेखासोबत ब्रह्मकमळ म्हणून जो फोटो लावलाय तो हिमालयातला नाहीच. तो आपल्याकडे कुंडीत रात्री उमलतो त्या पांढऱ्या निवडुंगाचा आहे, मूळचा मेक्सिकोकडचा, आमच्या शेजारच्या गच्चीत दरवर्षी पावसाळ्यात फुलतो आणि लोक आरती घेऊन बघायला येतात. त्यांच्या आनंदाबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण हेमकुंडवरच्या लेखात तो फोटो? दरवर्षी तुमच्याकडे हेच होतं, मागेही मी ईमेल केला होता, उत्तर आलं नाही. या वेळी दुरुस्ती छापाल तेव्हा योग्य फोटोसकट छापा, माझ्याकडे वाटेवर काढलेले आहेत, न तोडता काढलेले, हवे असतील तर पाठवते, नाव नाही टाकलं तरी चालेल.

आपली एक जुनी वाचक,
प्रतापनगर, नागपूर