स्मार्ट कपडा धुतल्यावर काय?

मा. संपादक,

हृदयाचे ठोके टिपणाऱ्या 'स्मार्ट' कपड्यांवरचा आपल्या अंकातील लेख आवडला. पण असा सदरा धुतल्यावर त्याचे काय होते, याबद्दल त्यात एक ओळही नव्हती. मी कापड तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते आणि माझा रोजचा संबंध नेमका याच प्रश्नाशी येतो.

या कपड्यांत वीज वाहून नेण्यासाठी बहुधा नायलॉनच्या तंतूंवर चांदीचा मुलामा दिलेले सूत वापरतात. जरीत धाग्याभोवती धातूची चपटी तार गुंडाळलेली असते. इथे मात्र चांदीचा थर अनेकदा एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. कोऱ्या सुताला मल्टीमीटर (विजेला होणारा अडथळा, म्हणजे रोध, मोजणारे उपकरण) लावला की आकडा स्थिर राहतो. वारंवार धुतलेल्या तुकड्यावर रोध चढलेला दिसतो आणि घडीच्या जागी तर आकडा नुसता उड्या मारतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच ठिकाणी चांदीचे पापुद्रे सुटलेले आणि आतले नायलॉन उघडे पडलेले दिसते. ब्लीचने आणि घामातल्या क्षारांनी चांदी काळवंडते, ती वेगळीच.

स्टेनलेस स्टीलचे सूत धुलाईला अधिक टिकते, पण चांदीची वाहकता त्याच्या सुमारे 40 पट आहे. शिवाय ते ताठ असते, अंगाला टोचते.

सर्वांत नाजूक जागा म्हणजे मऊ सूत आणि कडक सर्किट यांचा जोड. डाख द्यायला जावे तर नायलॉन वितळते. म्हणून टिचबटण बसवतात किंवा वाहक धाग्याने शिवून घेतात, आणि वाकून वाकून सूत बरेचदा तिथेच तुटते.

वरून सदरा धडधाकटच दिसतो. त्वचेशी संपर्क बिघडला की ईसीजीच्या रेषेत भलतेच चढउतार उमटतात. अंगात सदरा घातलेल्या माणसाने ते सुताचे मानायचे की काळजाचे? माझा जीव इथे अडकतो.

धुलाईची चाचणी कशी घ्यावी, यासाठी आयएसओ 6330 हे मानक आहेच. निदान आरोग्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या कपड्याच्या लेबलवर सुताचा मीटरमागे रोध कोरा असताना किती, ठरावीक धुलायांनंतर किती, आणि मुलाम्यात निकेल आहे का (अनेकांना त्याची ॲलर्जी असते), एवढे छापणे सक्तीचे करावे. धुण्यात सुटलेली चांदी सांडपाण्यात जाते आणि पाण्यातल्या सूक्ष्मजीवांना घातक ठरते. तिचे प्रमाणही उत्पादकाने मोजून सांगितले पाहिजे.

आपली,
वस्त्रचाचणी प्रयोगशाळेतील एक तंत्रज्ञ