लाकडी हत्ती

सातारा, रविवार

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा पहाटे तू न सांगता निघालास. फाटकाची कडी वाजली तेव्हा मी जागाच होतो, पण उठलो नाही. लाडवांचा डबा ओट्यावर तसाच आहे, आई त्याला हात लावू देत नाही.

जेवताना तू म्हणालास, पाच वर्षं लष्कराच्या हाती देश द्या, सगळे सरळ होतील. माझा आवाज चढला. मी आयुष्यभर औषधं विकली, मला फौजेतलं काय कळतं, हे तुझं खरंच आहे. पण म्यानमारमध्ये, यांगूनला मी तीन वर्षं काढली.

तू सहावीत असताना मी तिथून लाकडी हत्ती आणला होता, पहिल्याच दिवशी तू त्याचा सुळा मोडलास. तो तिथल्या लष्करी हेरखात्याच्या एकेकाळच्या प्रमुखाच्या, जनरल खिन न्युंटच्या दुकानातला. 1983 ला शहीद स्मारकात उत्तर कोरियाच्या हस्तकांनी बॉम्ब उडवला, 21 माणसं गेली, आणि त्यानंतर तिथला हुकूमशहा ने विननं हेरखातं याच्याकडे दिलं. 1988 ला विद्यार्थी रस्त्यावर आले. 18 सप्टेंबरला लष्करानं सत्ता घेतली, हा त्या सरकारचा पहिला सचिव. कायदा-सुव्यवस्था हे शब्द त्या सरकारच्या नावातच होते, बघ. 1990 च्या निवडणुकीत 485 पैकी 392 जागा लोकशाहीसाठी लढणाऱ्या आंग सान सू चींच्या पक्षाला मिळाल्या, तरी खुर्ची सोडली नाही.

माणूस हुशार होता. सरहद्दीवरच्या किती बंडखोरांशी युद्धबंदी त्यानंच जमवली. 2003 ला पंतप्रधान झाला, आणि पुढच्याच वर्षी ऑक्टोबरात त्याच्याच सोबत्यांनी त्याला काढला. जाहीर केलं, प्रकृतीमुळे निवृत्तीची परवानगी! मग 44 वर्षांची शिक्षा, ती स्थगित ठेवून घरातच कैद. दोन मुलंही तुरुंगात गेली. मला राहून राहून त्या मुलांचंच मनात येतं.

जानेवारी 2012 ला सुटल्यावर त्यानं घरीच कॉफीचं आणि कोरीव वस्तूंचं दुकान टाकलं. मी गेलो त्या दिवशी तो दिसला नाही. आमचा ड्रायव्हर फाटकाच्या आत येईना. त्याच्यासाठी कॉफी बाहेर नेली, त्यानं दोन्ही हातांनी घेतली, मान लववली, पण प्यायला नाही. हॉटेलवर उतरलो तेव्हाही कप भरलेलाच होता. त्याचा थोरला भाऊ 88 च्या मोर्चात होता, एवढंच बोलला.

भाषण झालं पुन्हा. माफ कर. डेहराडूनला तुझ्या खांद्यावर तारे लावताना माझी बोटं थरथरत होती, तू हळूच म्हणालास, "बाबा, सावकाश." आत्याला तो फोटो मी अजून दाखवतो. तू तसा होशील असं मला म्हणायचं नाही रे. पण ते 'सरळ होतील'... कोण सरळ होणार, ओंकार? तो ड्रायव्हर?

असो. तिकडे पाऊस असेल, पायांना बुरशी येऊ देऊ नकोस, पावडर बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात आहे. माझ्याशी बोलायचं नसेल तर आईला फोन कर, ती स्पीकरवर टाकते.

हत्ती शोकेसमध्येच आहे. सुळा काल पुन्हा फेविकॉलनं चिकटवला.

तुझा,
बाबा