आजीचे डोळे न्यायला त्या रात्री आलेल्या ताईंना

ताई,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात वाईजवळच्या आमच्या गावी आजी गेली, त्या रात्री तुम्ही नेत्रपेढीची पेटी घेऊन आमच्या दारात आलात. तुम्हाला अशी घरं रोजची असतील. पण तुम्ही आमच्यासाठी जे केलंत, ते चारचौघांत सांगावंसं वाटतं, म्हणून हे उघड पत्र.

आजीच्या तोंडाला लागायची गावात कुणाची टाप नव्हती. 2022 साली पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट झाली, तेव्हापासून काही ना काही निमित्त काढून ती वाईचा बाजार गाठायची. एकदा कंडक्टरने आधार कार्ड मागितलं, तर म्हणाली, "आरं, ह्या तोंडावर सगळी सालं लिवल्यात, वाच की!" अख्खी गाडी हसली. मग पदराच्या गाठीतून कार्ड काढलं आणि फोटो नीट बघ म्हणून त्यालाच दम दिला. बाजारात भाव निम्म्यापासून सुरू करायची. भाजीवाली चिडली, की तिच्याच शेजारी बसकण मारून घटकाभर तिची मेथी ओरडून विकून द्यायची. त्यामुळे भांडूनही तिचं कुणाशी वाकडं आलं नाही.

नेत्रदानाचं तिनेच ठरवलं होतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि सुईत दोरा पुन्हा पहिल्या झटक्यात जायला लागला, तेव्हापासून तिला स्वतःच्या डोळ्यांचा भारी अभिमान. सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, "माझी जीभ कुणाला दिऊ नगा, लोकांची घरं मोडतील. डोळं तेवढं द्या."

पण वेळ आली तेव्हा आम्हाला काही सुचेना. काकूने फोन लावला आणि तुम्ही एकेक गोष्ट सावकाश सांगितलीत. पंखा बंद करा, पापण्या मिटवून वर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी देऊन डोकं थोडं उंच करा. सहा तासांच्या आत यायला हवं, आम्ही निघालोच, असं म्हणालात. रडणाऱ्या घराला हातात काम मिळालं. काकू उशाशी बसून कापूस पुनःपुन्हा ओला करत राहिली. तेवढ्या कामानेच तिला त्या रात्री सावरलं, असं ती आजही म्हणते.

तुम्ही आलात तेव्हा भावकीतले एक आजोबा अडून बसले होते. डोळे काढले तर पुढल्या जन्मी आंधळी जन्माला येईल, म्हणत होते. तुम्ही वाद घातला नाहीत. त्यांच्यापुढे जमिनीवर बसलात आणि सांगितलंत, की बहुतेक वेळा अख्खा डोळा काढावाच लागत नाही. बुबुळावरचा पारदर्शक पडदा तेवढा घेतात, चेहरा होता तसाच राहतो, झाल्यावर तुम्हीच येऊन बघा. मोतीबिंदूत बदलतात ते आतलं भिंग, त्यामुळे ऑपरेशन झालेल्यांचाही हा पडदा चालतो. मग विचारलंत, "आजी स्वतः काय म्हणायच्या?" तेव्हा काकू बोलली. हाच मुद्दा आजीपुढेही निघाला होता आणि तिचं उत्तर होतं, "पुढल्या जन्माचं पुढल्या जन्मी बघू की!"

आजोबांनाच आधी हसू फुटलं. मग जिभेची गोष्ट निघाली, कंडक्टरची निघाली. तुमच्या हातात संमतीचा फॉर्म होता, तरी तुम्ही घाई केली नाहीत, "मग?" म्हणून विचारत राहिलात. मयताच्या घरात हसलं तर लोक नावं ठेवतात. तुम्ही मनापासून हसलात, म्हणून आम्हालाही मोकळेपणाने हसता आलं. माझ्या मते तुमची सगळ्यात मोठी मदत ही. आमची आजी होती तशीच, तिखट आणि हसवणारी, आम्ही पहिल्याच रात्री आठवू शकलो.

पुढचं काम पंधरा-वीस मिनिटांत उरकलं. आजोबा आत जाऊन बघून आले आणि काही न बोलता माझ्या शेजारी बसले. निघताना तुम्ही आजीच्या पाया पडलात, तेही आम्ही पाहिलं.

ते पडदे कुणाला बसवले हे सांगत नाहीत, ते योग्यच आहे. ज्याला मिळतील त्याला चांगलं दिसो, एवढंच मागणं.

आता एक विनंती. 25 ऑगस्ट ते 8 सप्टेंबर नेत्रदान पंधरवडा असतो, तेव्हा आमच्या गावी या. बचत गटाच्या बायका चष्म्याचं विचारतात, साखरेच्या आजाराचं विचारतात. मी सांगते, की दोन्ही असले तरी नेत्रदान करता येतं, पण त्यांना ते तुमच्या तोंडून ऐकायचंय. आजोबांनी अजून हो म्हटलेलं नाही, पण त्यांच्याही बऱ्याच शंका आहेत आणि त्या ते फक्त तुम्हालाच विचारणार आहेत. जेवण आमच्याकडे. येण्याचा दिवस तेवढा काकूला फोनवर कळवा.

आपली,
आजीची थोरली नात