पीककर्जाचं ‘नवं-जुनं’ आणि शून्य टक्के व्याज

संपादक महोदय,

पीककर्जाची वसुली यंदा चांगली झाल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. मराठवाड्यातल्या एका विकास सोसायटीत, म्हणजे गावात पीककर्ज वाटणाऱ्या सहकारी संस्थेत, मी 26 वर्षं गटसचिव होतो; कर्जवाटप आणि वसुलीचे हिशेब माझ्याकडे असत. वसुलीचे तक्ते मीही दर मार्चअखेर भरले आहेत. त्यातला पैसा कुठून येतो ते ठाऊक आहे, म्हणून हे पत्र.

गावात त्याला ‘नवं-जुनं’ म्हणतात. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात शेतकरी कुणाकडून तरी रोख आणतो, जुनं कर्ज भरतो, पावती घेतो. पुढे त्याच्याच नावावर नवं कर्ज निघालं की ज्याचे त्याला परत करतो. कागदावर खातं नियमित होतं. पेरणीसाठी म्हणून मंजूर झालेला पैसा मात्र बियाण्याच्या दुकानापर्यंत पोचतच नाही.

पैसे देणारा दरवेळी सावकारच असतो असं नाही. आडत्या असतो, कृषी सेवा केंद्रवाला असतो, कधी पाहुणाही असतो. दर शेकडा 3 रुपये महिना, आणि दोन दिवस वापरले तरी व्याज पुऱ्या महिन्याचं. शिवाय आडत्याचे घेतले तर पुढचं सोयाबीन त्याच्याच आडतीवर टाकायचं, हे न बोलता ठरलेलं असतं. आता दोन दिवसांत काम उरकत असतं तर निदान नुकसान तेवढ्यावर थांबलं असतं. भरणा 28 मार्चला करून घेतात, पण कमाल मर्यादा पत्रक (कुणाला किती कर्ज द्यायचं त्याचा तक्ता) मंजूर होऊन आल्याशिवाय सोसायटी नवं कर्ज देऊ शकत नाही. ते यायला कधी एप्रिल सरतो, कधी मे उजाडतो.

एक हिशेब मांडतो. कर्ज 1,20,000 रुपयांचं. वेळेवर फेडणाऱ्याला केंद्राची 3 टक्के आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख योजनेची 3 टक्के व्याजसवलत मिळते. यालाच आपण 3 लाखांपर्यंत शून्य टक्के व्याज म्हणतो. या रकमेवर सवलत झाली वर्षाला 7,200 रुपये. आणि तेच 1,20,000 शेकडा 3 ने दोन महिने वापरले तर व्याज किती? 7,200 रुपये. सरकारने सोडलेला रुपयान् रुपया उसने देणाऱ्याच्या खिशात गेला!

कुणी म्हणेल, कायदा आहे ना. आहे. 2014 च्या सावकारी नियमन कायद्याखाली शेतकऱ्याला विनातारण कर्जावर वर्षाला 12 टक्क्यांपेक्षा जास्त व्याज लावता येत नाही. शेकडा 3 म्हणजे वर्षाचे 36 टक्के. पण हा व्यवहार ‘हातउसने’ या नावाने, कागदाशिवाय होतो. त्याची तक्रार सहायक निबंधकाकडे कोण करणार? पुढच्या मार्चला पुन्हा त्याच दारात जायचं असतं.

मला सर्वांत जास्त टोचतं ते वेगळंच. कर्जमाफी आली तेव्हा थकीत खात्यांना 2017 मध्ये दीड लाखापर्यंत आणि 2019 च्या योजनेत 2 लाखांपर्यंत माफी मिळाली. नियमित खातेदाराला प्रोत्साहन म्हणून आधी जास्तीत जास्त 25,000, नंतर 50,000. बायकोची बोरमाळ गहाण टाकून नवं-जुनं करणारे माझ्या यादीत ‘नियमित’ होते. त्यांचं खरं देणं गावातल्या वहीत होतं, आणि ती वही कुठल्याच योजनेने उघडली नाही. अशा कितीतरी जणांना मीच सांगत असे, “भाऊ, दोन दिवसांसाठी कुठून तरी आणा, खातं थकू देऊ नका.” वसुलीची टक्केवारी घसरली तर वरून नोटीस येई, त्यामुळे सांगावं लागे. पण त्या सल्ल्याची किंमत त्यांनी भरली, मी नाही. हे माझ्या मनातून जात नाही.

शेतकऱ्याने ऑक्टोबरातच का भरलं नाही, असं विचारलं जातं. 2024 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि बाजारात भाव चार हजारांच्या आसपास. त्यातून आधी खताची उधारी, मग मळणीयंत्रवाला, मग हरभऱ्याचं बी. मार्चपर्यंत काय उरणार?

किसान क्रेडिट कार्ड 1998 मध्ये आलं. मर्यादेच्या आत पैसे काढावेत, भरावेत, पुन्हा काढावेत अशी त्याची कल्पना आहे. सोसायटीच्या खिडकीवर मात्र आजही एकरकमी भरण्याचाच आग्रह असतो. ज्याचं पीक शेतात उभं आहे आणि जो व्याज भरायला तयार आहे, त्याचं मुद्दल पुढच्या वर्षात ओढू द्यावं. असं केलं तर बुडीत खाती झाकली जातील अशी भीती घालतात. ती आजही झाकलीच जातात, फक्त शेकडा 3 मोजून.

एवढंही जमत नसेल, तर कमाल मर्यादा पत्रकं फेब्रुवारीतच मंजूर करावीत आणि भरणा होईल त्याच दिवशी नवं कर्ज खात्यावर जमा करावं. यासाठी सरकारला एक रुपयाही जास्त लागणार नाही. आणि वसुलीची बातमी छापताना आपल्या वार्ताहराने दहा खातेदारांना एवढंच विचारावं, भरायला पैसे कुणाकडून आणले होते?

– एक निवृत्त गटसचिव, मराठवाडा