सायकलप्रवाशांना देवळांच्या अग्रशाळेत जागा द्या

महोदय,
हाइन्झ श्टुके हा जर्मन कारागीर १९६२ साली तीन गिअरची सायकल घेऊन घराबाहेर पडला आणि पन्नासएक वर्षे फिरतच राहिला. सहा लाखांहून अधिक किलोमीटर! खर्चासाठी स्वतःच्या प्रवासाच्या पुस्तिका आणि छायाचित्रे विकायचा. याला कुणी उनाडकी म्हणो, मला त्यात जिद्द दिसते. हे वेड आपल्यातही जुनेच आहे. मुंबईचे आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा १९२३ साली सायकलवर निघाले, ते १९२८ साली पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करूनच परतले. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ साली १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर अंतर कापले.

गोव्यात उत्तरेच्या पत्रादेवीपासून दक्षिणेच्या पोळे गावापर्यंत महामार्ग ६६ वर असे प्रवासी आता पुष्कळदा दिसतात. करमल घाटात मागून ट्रक आला की बिचारे थेट गटाराच्या कडेला सरकतात. मध्यंतरी काणकोणच्या चावडीवर एक मुलगी सायकलच्या साखळीतला चिखल काथ्याने घासून काढत होती. काही हवे का, असे विचारले तर म्हणाली, "काका, रात्रीपुरती पाठ टेकायला जागा मिळेल?"

आपल्या देवळांना अग्रशाळा, म्हणजे भाविकांच्या मुक्कामाच्या खोल्या, आहेत. आडदिवशी त्यांतल्या कित्येक खोल्या रिकाम्याच असतात. ओळखपत्र पाहून, माफक शुल्क घेऊन एका रात्रीची सोय देवस्थान समित्यांनी करावी, आणि बांधकाम खात्याने घाटातल्या रस्त्याच्या कडा तेवढ्या मोकळ्या ठेवाव्यात.

— एक वाचक, काणकोण