दिवाणावरचा डबा मी सोबत आणलाय

पुणे,
रविवार संध्याकाळ

ती. आई आणि अण्णा यांस,
सा. न. वि. वि.

एव्हाना तुम्ही दोघांनी सगळं घर पालथं घातलं असेल. अण्णा, माळ्यावर चढू नका. दिवाणावरचा चिवड्याचा डबा माझ्याकडे आहे. निघताना पिशवीत घातला आणि बोलले नाही, कारण बोलले असते तर आईने तो परत काढून घेतला असता आणि वर अजून एक पाव किलो शेव बांधून दिली असती.

आणखी दोन गोष्टी करून आलेय, त्याही सांगते. महिन्याच्या किराणा यादीतून शेव, फरसाण, खारी बुंदी काढायला लावलीय. शेंगदाण्यांना हात लावला नाही, ते चटणीला आणि खिचडीला लागतात. आणि बुधवारी केबलवाला येईल. टीव्ही मधल्या खोलीतून समोरच्या खोलीत जाणार आहे. पैसे दिलेत, वायर तो घेऊन येईल, तुम्ही फक्त दार उघडायचं. दादाला सगळं माहीत आहे, त्याचा होकार आहे, त्यामुळे त्याला फोन करून माझी तक्रार करण्यात अर्थ नाही.

आता रागवायचं ते रागवा, पण पुढचं पूर्ण वाचा. आई, तू चष्मा लावून वाच, यांच्याकडून ऐकू नकोस. हे नको तेवढं गाळतात.

अण्णा, तो तीन महिन्यांच्या साखरेच्या तपासणीतला (एचबीए१सी) ८.२ चा आकडा. तुम्ही डॉक्टरांना म्हणालात, आदल्या दिवशी लग्नात पंगत झाली होती, त्यामुळे जास्त आला. त्या तपासणीत तसं होत नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि त्या काळात त्यांना किती साखर चिकटली ते त्यात मोजतात. एका पंगतीने तो आकडा हलत नाही, तो गेल्या तीनेक महिन्यांच्या रोजच्या खाण्याचा असतो. ६.५ च्या वर गेला की मधुमेह म्हणतात आणि आपण ८.२ वर आहोत. काकांच्या पायाचं आपण सगळ्यांनी पाहिलं. त्यावर मी काही लिहीत नाही.

मला खरं कोडं हे पडलं होतं की हे येतंय कुठून. तुमच्या जेवणाला कुणी नाव ठेवू शकत नाही. दोन वेळा ज्वारीची भाकरी, वरण किंवा येसराची आमटी, मेथी नाहीतर चुका, जवसाची चटणी. चहा बिनसाखरेचा. गोड तर तुम्ही आईच्या धाकाने केव्हाच सोडलं. मग या खेपेला मी नुसती बसून बघत राहिले. सात वाजता आई दिवा लावून येते, टीव्ही सुरू होतो, डबा दोघांच्या मध्ये येतो आणि साडेदहापर्यंत तिथेच असतो. हात आपोआप आत जातो. एक मालिका, दुसरी मालिका, मग अण्णांच्या बातम्या. जाहिराती लागल्या की उलट जास्तच, कारण निम्म्या जाहिराती खाण्याच्याच. आणि दहाला पुन्हा ताट वाढायचं, भूक नसताना, कारण गोळी घ्यायची असते. शंभर ग्रॅम शेवेत पाचशेच्या वर कॅलरी असतात, आणि शंभर ग्रॅम म्हणजे काही फार नाही, मोठ्या दोन मुठी. शिवाय मीठ, आणि ते आईच्या बीपीला. दिवसभरात सगळं मिळून एक चमचा, पाच ग्रॅमच्या आत मीठ असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आई, तू आमटीत मीठ कमी करतेस आणि रात्री खारी बुंदी खातेस.

तुझ्या हाताच्या चिवड्याला मी काही म्हणत नाहीये गं. इतका हलका भाजलेल्या पोह्यांचा चिवडा मला इथे कुणाच्या घरी मिळत नाही. पण पावसाळ्यातलं आठव. पोहे सादळले होते, तेल खवट झालं होतं. तू तळाशी गेल्यावर वास घेतलास आणि म्हणालीस, "अगं माय, हा तर खराब झाला की!" तोवर तुम्ही दोघांनी अख्खा डबा संपवला होता. चव कुणाच्या लक्षात आली नव्हती.

याच गोष्टीवर अमेरिकेत एक प्रयोग झालाय. तिथल्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली तो छापला. सिनेमाला आलेल्या लोकांना त्यांनी मक्याच्या लाह्या दिल्या, काहींना ताज्या आणि काहींना आठवडाभराच्या शिळ्या. ज्यांना सिनेमा बघताना लाह्या खायची पक्की सवय होती, त्यांनी शिळ्याही ताज्यांइतक्याच खाल्ल्या. तशाच सवयीची दुसरी माणसं सिनेमागृहाऐवजी साध्या खोलीत बसवली, तेव्हा मात्र त्यांनी शिळ्या कमी खाल्ल्या. आणि थिएटरातच पण सवय नसलेल्या हाताने खायला लावलं, तेव्हाही शिळ्या कमी खाल्ल्या. म्हणजे जीभ काही मागत नव्हती. ती जागा, तो अंधार आणि तो हात यांची गाठ बसली होती. हे वाचल्यावर मला फार बरं वाटलं अण्णा, कारण तुम्ही हावरट नाही हे मला माहीत आहे. आयुष्यभर आडतीवर तुरीच्या आणि सोयाबीनच्या ढिगात बसून एक दाणा न विचारता तोंडात न टाकलेला माणूस म्हातारपणी हावरट कसा होईल? म्हणून तुमच्या मनाला मी काहीच आवरायला सांगत नाहीये. मी जागा बदलतेय.

आणि आपल्या घरात टीव्ही आणि खाणं पहिल्यापासून एकत्र नव्हतं. १९८७ साली रविवारी सकाळी दूरदर्शनवर रामायण लागायचं. अर्धी गल्ली आपल्याकडे यायची. आई, तू आंघोळीशिवाय कुणाला बसू द्यायची नाहीस आणि तोंड हलताना दिसलं तर बाहेर काढायचीस. मला एकदा पेरूसकट बाहेर काढलं होतंस. तेव्हा खाणं स्वयंपाकघरात होतं. अण्णा संध्याकाळी आडतीवरून खाऱ्या दाण्यांची पुडी आणायचे, मला मांडीवर घ्यायचे, आणि दाणे संपले की पुडीचा कागद सरळ करून त्यावर छापलेलं वाचायला लावायचे. माझं जोडाक्षरांचं वाचन त्या कागदांवर झालं. पुडी संपली की खाणं संपायचं, कुणी उठून दुसरी आणायला जात नव्हतं.

डबा नंतर आला. दादा हैदराबादला गेला, माझं लग्न झालं, आणि मग आई तू चौघांसाठी करायच्या सवयीने करत राहिलीस. संध्याकाळी घर आ वासतं असं तू एकदाच म्हणाली होतीस. मला ते तेव्हाही लागलं आणि अजूनही लागतं. तुम्ही दोघं त्या डब्यातून एकमेकांना दाणे काढून देता, अण्णा तुझ्यासाठी खोबऱ्याचे काप वेगळे काढतात, तू त्यांच्या कवळीत अडकतात म्हणून फुटाण्याची डाळ बाजूला करतेस. मी सगळं बघितलंय. ते मला मोडायचं नाहीये. उलट ते ताटावर यावं, दोघांनी एकमेकांकडे बघत जेवावं, एवढीच माझी खटपट आहे.

आता काय काय बदलणार ते सांगते, घाबरण्यासारखं काही नाही.

समोरच्या खोलीत तुमच्या दोन वेताच्या खुर्च्या असतील. अण्णांच्या पाठीला ती लांब उशी, आईच्या पायाखाली पाट, गुडघे लटकत राहायला नकोत. खिडकीची तिरीप पडद्यावर येऊ नये म्हणून मी जाड पडदा लावून आलेय. पंखा बरोबर डोक्यावर येतो. मोरी दोन पावलांवर आहे, रात्री उठायला लागलं तर उलट सोयीचं. मालिका एकही सुटणार नाही. चारचा चहा आहे तसाच, त्याच्याबरोबर दोन मारी बिस्किटंही आहेत. दिवाण मधल्या खोलीतच राहील, अण्णांच्या दुपारच्या डुलकीला कुणी हात लावत नाही.

जेवण साडेसातला. स्वयंपाकघरात, टीव्ही बंद ठेवून. भाकरी मावशी सहाला करून जातात, दहापर्यंत चार तास झाकून ठेवण्यापेक्षा लवकर खा. टीव्ही बघत जेवलं की किती जेवलो ते डोक्यात नीट उमटत नाही आणि नंतर पुन्हा खावंसं वाटतं, यावरही बरेच प्रयोग झालेत. जेवून उठलात की गच्चीवर दहा-पंधरा मिनिटं चकरा. त्या वेळी चालल्याने पायांचे स्नायू साखर वापरतात आणि जेवणानंतर चढणारी साखर कमी चढते. आई, जिन्याचा तुला त्रास होत असेल तर अंगणातच फिर. मग आठ-साडेआठला खुशाल मालिका लावा.

हातांना काम हवं, नाहीतर ते डबा शोधतील. आई, तुझ्यासाठी कापूस ठेवलाय, वाती वळ. श्रावणाच्या, कार्तिकाच्या, शेजारणींच्याही वळून दे. अण्णा, तुम्ही लसूण सोला. हसू नका, तुमच्याइतका स्वच्छ लसूण घरात कुणी सोलत नाही, आणि लसणाच्या हाताने कुणी तोंडात काही टाकत नाही.

खरंच भूक लागली तर उपाशी राहू नका. उठायचं, स्वयंपाकघरात जायचं, एक वाटी भाजलेले फुटाणे किंवा ज्वारीच्या लाह्या घ्यायच्या, काकडी घ्यायची, ताक घ्यायचं. आईच्या ताकात मीठ नको, जिरेपूड घाल. पण तिथेच बसून खायचं आणि वाटी धुऊन ठेवायची. उठायचा कंटाळा आला तर समजायचं, ती भूक नव्हती.

अण्णा, हे मात्र नीट वाचा. तुमची सकाळची ग्लिमेपिराइडची गोळी साखर खाली ओढते. रात्रीचं खाणं कमी झालं की ती जास्तच उतरू शकते. डॉक्टरांना मी कळवलंय, पुढच्या भेटीत तुम्हीही सांगा. घाम फुटला, हात थरथरले, डोकं हलकं वाटलं तर माझं हे पत्र विसरायचं. तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यायची, पंधरा मिनिटांनी मशीनवर बोट टोचायचं. ७० च्या खाली असेल तर पुन्हा साखर. नंतर थोडं जेवण. आई, साखरेची बरणी खालच्या फळीवर ठेव, यांना हात पोहोचेल अशी. आणि शेजारच्या पोराला हाक मार, संकोच करू नकोस.

सुरुवातीचे दिवस जड जातील. सातला तोंड कोरडं पडेल, चिडचिड होईल. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ९६ माणसांना एकेक नवी सवय लावायला दिली होती, तर ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला अठराच, आणि कुणाला हिशोबाने २५४ लागतील असं निघालं. मधे एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडलं नाही. तेव्हा पाहुणे आले, चिवडा खाल्ला गेला, तर अबोला धरून बसू नका एकमेकांशी. दुसऱ्या दिवशी पुन्हा साडेसातला पान मांडा. आणि "तुझ्यामुळे माझंही बंद झालं" हे वाक्य दोघांपैकी कुणीही बोलायचं नाही.

सणवार बंद नाहीत. दिवाळीचा फराळ होईल, आई तूच करशील, ताटलीत घेऊन माणसांत बसून खायचा. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, मी आणि दादा दोघंही येतोय, रानात कोपीशेजारी बसून भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील पोटभर. त्या दिवशी मी कुणाच्या पानाकडे बघणार नाही.

तुम्हाला राग आला तर फोनवर मला बोला, एकमेकांवर काढू नका. अण्णा, तुम्ही मला कधी रागावला नाहीत, अगदी बारावीच्या त्या निकालालासुद्धा, त्यामुळे तुमचं रागावणं कसं असतं ते मला माहीतच नाही. आई, तुझं माहीत आहे.

तुमची,
बेबी

ता. क. केबलवाला अकराच्या सुमारास येईल. त्याला चहा द्या, फरसाण मागवू नका. डॉक्टरांची पुढची चिठ्ठी फ्रिजवर चुंबकाखाली आहे. ती तीन महिन्यांची तपासणी उपाशीपोटी नसली तरी चालते, पण उपाशीपोटीची साखरही त्याच दिवशी बघायची आहे, म्हणून चहा न घेता जा. रिक्षावाल्याला आदल्या रात्रीच सांगून ठेवा.